वरी वाकली की

डोंगराच्या उतारावर वरी वाकायला लागली की माजं कंबरडं पण वाकतं. आमचं दोघांचं जुनं ठरलेलं हाय. फरक एवढाच, वरी दाण्याच्या भारानं वाकते, आन मी कशाच्याच भारानं नाय, उगाच.

आज सकाळी काठी टेकत वर गेलो. नवरात्र तोंडावर आलंय. पाऊस पाहुण्यासारखा दाराशी उभा राहून जाऊ-जाऊ करतोय. गवतातनं चाललो तर पंचा गुडघ्यापत्तर भिजला. लोंब्यांवर दहिवर बसलेलं, सगळा उतार राख फासल्यासारखा दिसत व्हता. हात फिरवला की तळवा गार पडतो, आन मधीच एखादा दाणा सुटून मातीत जातो. एवढासा दाणा, मोहरीच्या शेजारी बसवला तर भाऊ वाटंल. त्याचा पडायचा आवाज कसला यायचा? पण मला येतो. बायको म्हणायची, "हाक मारलेली ऐकू येत नाय तुमाला, वरी पडलेली बरी ऐकू येते."

वरीचं हेच वाईट हाय. भात पिकला तर चार दिवस वाट बघतो. नाचणी तर रुसलेल्या म्हातारीसारखी कितीपण उभी राहते. वरी थांबत नाय. आज वाकली, आन दोन दिवसांनी बघायला गेलात तर नुसता पेंढा उभा, दाणा मातीत. कापायची ती पण सकाळी, दहिवर अंगावर हाय तवर. ऊन चढलं की विळा लागायच्या आदीच सांडते. मंजे माणूस दमलेला असो, तापलेला असो, वरी वाकली की पहाटे उठायचं. मला आयुष्यात कोंबड्यानं कधी उठवलं नाय. कोंबडा बिचारा मला बघून आरवायचा.

कर्जतच्या बाजारात शेट लोक, टेशनातले बाबू, मास्तर, सगळे वरी घेतात ती उपासाला. एकादशी आली, नवरात्र आलं की विचारतात, "नवी वरी आली काय रं?" त्यांना ती महिन्यातनं दोनदा. आमाला रोज. त्या मापानं माज्यायेवढा पुण्यवान माणूस कळंबपासून खोपोलीपत्तर नसंल. स्वर्गात माजी जागा धरून ठेवली असंल. धास्ती एकच, तिथं पण वरीच वाढतील.

मी शाळेत एकदाच गेलो. मास्तरांची म्हैस आत घुसली व्हती, ती हाकलायला. म्हैस माज्या नंतर बाहेर आली, मंजे तिचं शिक्षण माज्यापरीस जास्तीच झालं. तवा मी सांगतोय ते पुस्तकातलं नाय. आमच्या खालची भाताची खाचरं दुसऱ्यांची. तिथं आमी चिखलात उभं राहून भाताच्या रोपांचं आवण लावायचो, कापायचो, झोडायचो, आन घरी येऊन वरी खायचो. वरचा डोंगरउतार तेवढा आमच्या वाट्याचा. वरकस म्हणतात त्याला. पाणी धरत नाय, माती धरत नाय, नुसता माणूस धरून ठेवतो. तिथं पहिल्या वर्सी नाचणी, दुसऱ्या वर्सी वरी, तिसऱ्याला तीळ, मग डोंगर आपला गवत पांघरून झोपतो. डोंगराला विसावा हाय.

वरी अशी वाकली की मला ते एकच साल आठवतं. माज्या लग्नाचं. बाकीची सालं कुठं गेली कुणास ठाऊक. चिमण्यांनी खाल्ली असतील.

लोधिवलीची पोरगी बघायला मामा मला घेऊन गेला. लोधिवली मंजे चौकाच्या बाजूला, मुंबई-पुण्याच्या सडकेवर. सकाळी घरनं निघालो ते दिवेलागणीला पोचलो. माज्या पायातल्या वहाणा शेवटी मामाच्या हातात, कारण त्या त्याच्याच व्हत्या आन मला चावत व्हत्या. गावाला भाताची खाचरं चहूकडं, हिरवी नाय, वैशाख व्हता, पण नुसती बांधबंदिस्ती बघून पोट भरंल अशी. सडकेवरनं एक मोटार गेली, सगळं गाव धुळीत बसलं, आन धूळ खाली आल्यावर माजा व्हणारा सासरा समोर. उंच माणूस. हसणं त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं.

त्यानं एकच विचारलं. "पोरीच्या ताटात काय पडंल?"

मामानं मला चिमटा काढला, मंजे गप बस. मी समजलो, बोल. "मामा," मी म्हणलो सासऱ्याला, "तांदूळ एवढा हाय की आमच्याकडचे उंदीर पण निवडून खातात."

सगळी माणसं हसली. हसली मंजे पटलं, असं मी धरून चाललो. खरं मंजे जे हसले त्यांना पटलं नव्हतं, आन ज्याला पटलं तो हसला नव्हता. तो सासरा.

चांगुणा तिचं नाव. ती व्हती तवर मी तिला नावानं कधी हाक मारली नाय, तशी रीत नव्हती. "अगं" म्हणायचो. आता डोंगरावर एकटा असलो की नावानं मारतो. ती काय ओ देत नाय. रीत पाळते.

लग्न होऊन घरी आली, पहिल्या दिवशी पाहुण्यांसाठी मागून आणलेला भात व्हता, तो उरकला. दुसऱ्या दिवशी आयेनं वरी शिजवली. वरी शिजताना बघावी. मूठभर टाकली तर टोप भरून वर येते, पाणी किती पिते त्याला अंत नाय. गरिबाचं पोट फसवायला देवानं मुद्दाम केलेली. गरम हाय तवर मऊ, गार झाली की वीट. माज्या बानं एकदा गार वरीनं चुलीचा पडका कोपरा लिंपला व्हता, तो अजून धड हाय.

तर आयेनं ताट पुढं सारलं. चांगुणानं ताटात बघितलं, मग माज्याकडं, मग हळूच आयेला विचारलं,

"आत्याबाय, आज कोंचा उपास हाय?"

आये चुलीकडं तोंड फिरवून बसली. घरात कुणी बोलंना. मला त्या गपपणाचं भ्या वाटलं, आन भ्या वाटलं की माजं तोंड आपोआप चालतं. "एकादशी," मी म्हणलो.

दुसऱ्या दिवशी परत वरी. "आज?"

"सोमवार."

"काल एकादशी, आज सोमवार," ती म्हणली. "तुमच्यात लई पाळतात."

"लई. आमचं घरच तसं."

तिसऱ्या दिवशी मी संकष्टी काढली. चवथ्या दिवशी आमच्या पाड्याच्या वाघदेवाचा उपास काढला, जो देव स्वतः कोंबडं खातो. माज्याकडचे देव संपत आले. रात्रीचा पडून मोजायचो, उद्याला कोण राहिला. त्यात आयेनं घोळ घातला. तिनं पहिली एकादशी तेवढी ऐकलेली, पुढचं माजं कारस्थान तिला ठाऊक नव्हतं, ती दिवसभर दुसऱ्यांच्या बांधावर. त्या दिवशी तिनं वरीच्या जोडीला सुकट भाजून वाढली. मी नुकताच सांगून बसलेलो, आज गुरुवार, दत्ताचा. सुकटीचा वास घरभर. चांगुणानं एक सुकट बोटात धरली, उजेडाकडं करून बघितली, आन खाली ठेवली. त्या दिवसापासनं मात्र रोज न चुकता विचारायची, "आज कोंचा?" आन मी रोज सांगायचो. मला वाटायचं, साधी हाय बिचारी.

जेष्ठात ढग दिसायला लागले तवा मी ठरवलं. वर वरी लावायची नाय. भात टाकायचा.

आये उठून उभी राहिली. "सोम्या, डोकं ठिकाणावर हाय काय रं? गेल्या वर्सी त्या तुकड्यात नाचणी काढली, तिच्या पाठी वरीच लागते. उतार हाय तो. पाणी तुज्यासाठी झाडाला धरून उभं राहील?"

"पाऊस चांगला झाला तर व्हईल."

"तुजा बा, तुजा आजा, सगळे खुळे?"

"त्यांना कुटं लोधिवलीची बायको व्हती?"

आये माज्याकडं बघत राहिली. तिला कळलं. मग म्हणली, "तिनं मागितला भात?"

नव्हता मागितला. तेच तर. मागितला असता तर मी हसण्यावारी नेला असता, मला तेवढंच येतं. तिनं मागितला नव्हता. ती सकाळी उखळाशी बसायची, आन वरी कांडणं मंजे भात कांडणं नव्हे. साल घट्ट, दाणा बारीक. हळू मारलं तर साल जात नाय, जोरात मारलं तर पीठ. कांडा, पाखडा, परत कांडा. कोंडा वाळूसारखा मानेत जातो आन खाजवतो. तिच्या तळव्यांना फोड आले, फुटले, परत आले. मी विचारलं तर म्हणायची, "उपासाचं हाय, सोसायला पायजे." आन माज्या तोंडाकडं बघायची.

मग मी बियाणाचा भात कुठनं कसा मागून आणला ते सोडा, उतारावर टाकला. शेजारपाजारचे बांधावर उभं राहून बघायचे. धर्मा नावाचा माजा दोस्त व्हता, तो म्हणला, "सोमा, पुढल्या वर्सी मासे टाक डोंगरावर." मी म्हणलो, भात झाला की टाकतो.

आयेनं आन चांगुणानं मिळून वरीच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून राबाचा एक कोपरा भाजलेला व्हता, मला न विचारता. त्याची रोपं त्यांनी वरच्या अंगाला नेली, जिथं नुसते धोंडे. दोघी पावसात इरलं घेऊन वाकलेल्या, धोंड्यांच्या मधी बोटानं भोक करायच्या आन रोप खोवायच्या. मी खालनं ओरडलो, "तिथं काय खडे पिकवताय?" चांगुणा वरनं म्हणली, "उपासाला लागंल ना थोडी!" मी आपला हसलो. आता वाटतं, त्या डोंगरावर तवा एकच खुळा व्हता, आन तो खालच्या अंगाला उभा व्हता.

आषाढ, श्रावण पाऊस असा पडला की मी सगळ्यांना सांगत फिरलो, बघा. भात हिरवागार. घाटात चढणाऱ्या गाडीला मागनं दुसरं इंजिन लावतात ना, त्याची शिट्टी वाऱ्याबरोबर आमच्यापत्तर यायची. मला वाटायचं, माज्या भातालाच कुणी मागनं ढकलतंय. भादव्यात पाऊस थांबला. एक दिवस, दोन दिवस, मग आभाळ धुतलेल्या कापडासारखं. खालच्या खाचरांत पाणी धरलेलं व्हतं, त्यांना काय नाय. माज्या उतारावर पाणी कवाच उतरून गेलेलं. भाताची लोंबी पोटरीतनं कशीबशी बाहेर आली आन तशीच लाल पडली.

तरी मी माळा बांधला. रॉकेलचा रिकामा डबा, गोफण, सगळं घेऊन माळ्यावर बसायचो पाखरं राखायला. चिमण्यांचा थवा यायचा, माज्या भातावर एक फेरी मारायचा, आन न उतरता वर वरीकडं जायचा. रोज. त्यांना पहिल्या दिवशी कळलं. मी पंधरवडाभर डबा वाजवला.

नवरात्र बसलं आन सासरा आला. पोरीला दसऱ्याला माहेरी न्यायला. एवढी वाट चालून आला, पाणी प्याला, आन म्हणला, "शेत दाखवा, जावईबापू."

मी म्हणलो, "मामा, दमला असाल. पाय पोळले असतील. काटे हायत. साप हाय."

"दाखवा."

गेलो. मी पुढं, तो मागं, त्याच्यामागं चांगुणा. सासरा भातातला माणूस, त्याला सांगायला काय लागत नव्हतं. त्यानं एक लोंबी ओढली, तळहातावर चुरडली, फुंकर मारली. सगळं उडालं. तळहात रिकामा. तो रिकामा तळहात त्यानं माज्यापुढं धरला, बराच वेळ. मी त्यात बघत राहिलो, जसं काय तिथं काय तरी हाय.

"उंदीर पण निवडून खातात, काय?" तो म्हणला.

एवढं चांगलं वाक्य मी केलेलं, आन ते माज्याच डोक्यात असं येऊन बसलं. तो चांगुणाकडं वळला. "तुजी लुगडी बांध. दसऱ्याला नाय, कायमची चल. हा माणूस तुला उपाशी मारील."

खोटं नव्हतं त्यात काय. मी वाकून मातीत एखादा दाणा पडलाय काय ते बघायला लागलो.

चांगुणा वर बघत व्हती, धोंड्यांकडं. ऊन तिरपं झालं व्हतं आन वरीची लोंबी न लोंबी खाली मान घालून उभी. "बाबा," ती म्हणली, "वरी वाकली."

"मग?"

"ती थांबत नाय. उद्या सकाळी कापायला पायजे."

"कापतील ही माणसं."

"दोघांनी व्हायची नाय. दहिवर सुकायच्या आत कापायची असते." हे तिला माज्या आयेनं शिकवलेलं. लोधिवलीच्या पोरीला काय ठाऊक?

सासरा म्हणला, बरं, उद्या कापा आन निघू. दिवेलागणीला जेवायला बसलो. गेल्या सालची शेवटची वरी आयेनं टोपात घातली व्हती, दुसरं घरात व्हतंच काय? वरी आन सुकटीचं कालवण. सासऱ्यानं ताटात बघितलं. मला त्याचे डोळे आधीच ठाऊक व्हते, त्याच्या लेकीनं पहिल्या दिवशी असंच बघितलं व्हतं.

"नवरात्र धरलंय काय घरात?" त्यानं विचारलं.

देवानं एवढी सोपी वाट कुणाला दिली नसंल. नऊ दिवसांचा उपास, तो पण खरा. मी लगेच, "व्हय मामा, धरलंय ना, आमच्याकडं लई कडक…"

"नाय बाबा," चांगुणा म्हणली. वाढता वाढता, मान वर न करता. "उपास नाय. जेवण हाय."

सासरा थांबला. "रोजचं?"

"रोजचं. आमी हेच खातो."

आये चुलीकडं तोंड फिरवून बसली व्हती ती वळली. मी घास हातात धरून तसाच. तो 'आमी' कुणाकुणाचा, ते मी मनात मोजत व्हतो: आये, मी, आन ती. परत मोजलं. ती त्यात व्हती.

सासऱ्यानं सुकट बाजूला केली नाय. जेवला. परत घेतली पण. मग हात धुताना माज्याकडं न बघता म्हणला, "विळे किती हायत घरात?"

सकाळी आमी चौघं वर. धुकं असं की धोंडा कुठला आन सासरा कुठला, कळंना. त्यानं भात कापतात तशी मूठ धरून ओढली, आन सगळा दाणा सर्रकन पायात. "बाबा!" चांगुणा ओरडली, "झटका नका देऊ. बाळाचं डोकं धरल्यासारखी धरा." म्हातारा गप लेकीकडं बघून शिकला. ऊन यायच्या आत झाली. मी सगळ्यात मागं राहिलो, एका धोंड्यावर पडलो, आन माजी पेंढी सांडली. तिघांनी पण मागं वळून बघितलं नाय. त्यांनी तेवढं धरलेलंच व्हतं.

तो एकटाच परत गेला. जाताना आयेनं त्याला एका फडक्यात वरी बांधून दिली, घरी नवरात्राला. ओढ्यापत्तर पोचवायला मी गेलो. तिथं तो म्हणला, "दिवाळीला दोघं या. भात वाढीन, लाजू नको." आन थोडा पुढं जाऊन, "पण काय रं, वाघदेवाचा उपास असतो तुमच्यात?"

घरी येऊन मी चांगुणाला विचारलं, वाघदेवाचं तुज्या बाला कुणी सांगितलं? ती वरी वाळत घालत व्हती. "मीच. मला त्या सुकटीच्या दिवशीच कळलं व्हतं सगळं."

"मग रोज कशाला विचारायचीस गं?"

"उद्या कोंचा देव काढता, ते बघायचं व्हतं."

असं ते साल. त्यानंतर कितीदा वरी वाकली, कितीदा सांडली, आमी दोघं कितीदा पहाटे वर गेलो, त्यातलं काय वेगळं आठवत नाय. सगळी दमणूक एकात एक मिसळून गेली. पोरं झाली, त्यांनी वरी खाल्ली, तोंडं वाकडी केली. थोरला कर्जतला इंजिनात कोळसा मारायला लागला. तो आजकाल तांदूळ खातो, आन घरी आला की दमलेला असतो. मंजे तांदळानं पण फरक पडत नाय.

चांगुणा शेवटी अंथरुणाला लागली तवा त्यानं एक पायली तांदूळ आणला, जुना, पांढरा. मी स्वतः शिजवला. खाली लागला, ते मी वरनं वरनं काढलं. तिच्या बाला दिलेला शब्द पाळला मी, फक्त पोरं कमावती झाली एवढाच उशीर. मऊ करून तिच्या तोंडाशी घास नेला. तिनं खाल्ला. डोळे मिटून चावला. मग बारीक आवाजात म्हणली,

"अवो, आज कोंचा सण हाय?"

माज्याकडं सण कितीतरी व्हते. दिवाळी सांगता आली असती, पाडवा, काय पण. माजं तोंड तेवढ्यासाठीच तर हाय. पण मी म्हणलो, "सण नाय गं. जेवण हाय."

ती हसली. दोन घास घेतले आन ताट सारलं. "मग वरी द्या थोडी," म्हणली. "पोट भरल्यासारखं वाटत नाय."

आज एकट्यानं कापायला सुरुवात केली. पोरगा येतो म्हणलाय, पण पोरगा रविवारी येतो आन वरी रविवार बघत नाय. मूठ हळू धरली, बाळाचं डोकं धरतात तशी. तरी सांडते. ऊन वर आलं, दहिवर उडालं, आन अर्धा उतार अजून उभा, माजं कंबरडं मात्र बसलं. चिमण्या येऊन पायाशीच वेचायला लागल्या. मी डबा आणलाय, पण वाजवला नाय. धोंड्यावर बसून फडक्यातली कालची वरी सोडली. गार, वीट झालेली. एक घास घेतला, आन उगाच जरा वेळ थांबलो, कुणीतरी विचारंल म्हणून.